बाळ-बाळंतीण सुखरूप

काही वाक्यं भाषांतर करणाऱ्याला आठवडाभर अडवून ठेवतात, तर काही वाक्यं विचार करण्याआधीच पलीकडच्या भाषेत जाऊन बसलेली असतात. ‘बाळ-बाळंतीण सुखरूप’ हे दुसऱ्या जातीचं वाक्य. हिंदीत ‘जच्चा-बच्चा दोनों ठीक हैं’, तेलुगूत ‘तल्ली-बिड्डा क्षेमम्’, तमिळमध्ये ‘तायुम् सेयुम् नलम्’, बंगालीत ‘मा ओ शिशु दुजनेइ भालो आछे’. मराठीत बाळ आधी येतं आणि बाकी चारही भाषांत आई आधी येते, एवढाच काय तो फरक. एकेकाळी हे वाक्य तारेने जायचं, मग ट्रंककॉलवर ओरडून सांगितलं जायचं, आता ते फोनवर फोटोखाली येतं. वाचणारा सुटकेचा श्वास सोडतो, पेढ्यांची चौकशी करतो आणि विषय संपतो.

विषय संपतो, हीच या वाक्याची खरी ताकद. एखाद्या खटल्याचा निकाल वाचून दाखवावा तसं ते उच्चारलं जातं, आणि त्यानंतर साक्षी-पुरावे कुणी मागत नाही. मला पडलेला प्रश्न असा, की शेवट चांगला झाला म्हणजे वाटेत जे झालं त्याचाही निकाल लागतो का? आई जिवंत आहे, मूल धडधाकट आहे, तर मधल्या तासांबद्दल बोलण्याचा अधिकार आईला उरतो की तो या वाक्याबरोबरच तिच्याकडून काढून घेतला जातो?

हा प्रश्न विचारताना आधी या वाक्याचा मान राखायला हवा. ते पोकळ शिष्टाचारातून आलेलं नाही. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असं आपल्याकडे म्हणतात ते अलंकार म्हणून नव्हे. त्यामागे मोजता येतील अशी मरणं आहेत. २००४ ते २००६ या काळात भारतात दर एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत होत्या. २०१८ ते २०२० या काळात तो आकडा ९७ वर आला. या दोन आकड्यांच्या मध्ये दवाखाने आहेत, रक्तपेढ्या आहेत, रुग्णवाहिका आहेत, वेळेवर केलेल्या शस्त्रक्रिया आहेत, आणि कळा आणणारी व रक्तस्राव थांबवणारी औषधंही आहेत. जुन्या काळी सगळं कसं नैसर्गिक होतं, असं म्हणणाऱ्यांच्या घरातही दोन-तीन पिढ्या मागे गेलं की बाळंतपणात गेलेली एखादी आत्या किंवा पणजी सापडतेच. तेव्हा माझी तक्रार औषधाशी नाही. माझा प्रश्न औषध देणाऱ्या आणि घेणाऱ्या माणसांमधल्या व्यवहाराचा आहे.

माझं बाळंतपण तेरा वर्षांपूर्वी हैदराबादला झालं. एक्केचाळीस आठवडे पूर्ण झाले होते आणि कळांचा पत्ता नव्हता. दिवस उलटून गेल्यावर वारेचं काम मंदावण्याचा, बाळाला धोका वाढण्याचा संभव असतो. एक्केचाळीस आठवड्यांनंतर कळा आणाव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेचीही शिफारस आहे. डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं, मी प्रश्न विचारले, त्यांनी उत्तरं दिली, मी कागदावर सही केली. सोमवारी सकाळी सात वाजता गर्भपिशवीच्या तोंडाशी पहिल्यांदा जेल लावलं, दुपारी एक वाजता दुसऱ्यांदा. रात्री आठला सलाईनमधून ऑक्सिटोसिन सुरू झालं. मंगळवारी दुपारी दोन वाजता मुलगी झाली. मधले तास एकतीस.

या एकतीस तासांत कामाच्या पाळ्या तीनदा बदलल्या. प्रत्येक नव्या पाळीबरोबर नवे चेहरे आले. त्यांतल्या बहुतेकांनी आधी पोटाला लावलेल्या पट्ट्याचा कागद पाहिला, मग तपासलं, मग एकमेकांना सेंटिमीटरमध्ये आकडा सांगितला. आई नांदेडहून आली होती. ती आणि नवरा दाराबाहेर बाकावर होते. लेबर रूममध्ये नातेवाइकांना प्रवेश नव्हता. रात्रभरात सलाईनच्या थेंबांचा वेग किती वेळा वाढवला गेला ते मला कळांवरूनच समजायचं. मंगळवारी पहाटे पाचच्या सुमारास ड्यूटीवरच्या डॉक्टर आल्या, नेहमीप्रमाणे तपासायला लागल्या, आणि काही समजायच्या आत मांड्यांवरून कोमट पाणी वाहिलं. त्यांनी पाणमोट फोडली होती. हातमोजे काढता काढता त्या सिस्टरला म्हणाल्या, ‘आता होईल लवकर.’ मला काही म्हणाल्या नाहीत. चार दिवसांनी घरी जाताना फाइल चाळली, तेव्हा समजलं की गरज पडल्यास सिझेरियन करण्याच्या संमतिपत्रावर त्याच पहाटे दाराबाहेर नवऱ्याची सही घेतली होती. त्याला वाटलं होतं की आत मला विचारूनच कागद बाहेर आला असेल.

यात कुणी क्रूर नव्हतं. पाणमोट फोडणं हा कळा पुढे सरकवण्याचा मान्य उपाय आहे. बावीस तासांनंतर तो करणं वैद्यकीयदृष्ट्या योग्यच असावं. आणि विचारलं असतं तर मी ‘हो’ म्हटलं असतं, यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. तरीही त्या क्षणी काहीतरी माझ्याकडून गेलं. प्रश्न नेमका इथे अवघड होतो. जे करायचं होतं तेच झालं, मी जे उत्तर दिलं असतं तेच गृहीत धरलं गेलं, फळ उत्तम मिळालं. मग गेलं ते काय?

पहिला आक्षेप ठाऊक आहे. बाळंतपण म्हणजे आणीबाणी. तिथे परवानग्या मागत बसायला वेळ कुणाला असतो? बाळाचे ठोके अचानक पडले, रक्तस्राव थांबेना, तेव्हा हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे. पण कळा आणून केलेल्या लांब बाळंतपणाला तो लागू पडत नाही. हे तर वेळ ठरवून केलेलं बाळंतपण. त्याची तारीख आधी लिहिलेली असते, आपण बॅग भरून, वेणी घालून, स्वतःच्या पायांनी चालत जातो. नंतरचा बराचसा काळ वाट पाहण्याचाच असतो. दोन जेलांच्या मधले सहा तास, थेंब वाढवण्याच्या मधला अर्धा-पाऊण तास, दोन कळांच्या मधली दोन-तीन मिनिटं. कुठलंही बाळंतपण विचारायला इतकी सवड देत नसेल. ‘पाणमोट फोडू का?’ हे वाक्य बोलायला दोन सेकंद लागतात, आणि उत्तर ऐकायला फार तर एक कळ ओसरेपर्यंतचा वेळ.

खरं तर या खोलीत घाई असते ती घड्याळाची, आणि त्या घड्याळालाही इतिहास आहे. दोनशे ऐंशी दिवसांचा हिशेब करून तारीख काढण्याची आजची रीत एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्झ नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाते. न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५५ साली पहिलटकरणींच्या पाचशे बाळंतपणांचा आलेख मांडला. पुढे त्यातूनच तासाला एक सेंटिमीटर ही अपेक्षा जगभरच्या वॉर्डांत रुजली. डब्लिनच्या किरन ओ’ड्रिस्कॉल यांनी १९६० च्या दशकाअखेर बाळंतपण एका ठरावीक मर्यादेपलीकडे लांबू द्यायचं नाही, अशी शिस्तबद्ध पद्धत बसवली; तिच्यात ऑक्सिटोसिनचा मोकळेपणाने वापर होता, पण कळा सुरू झाल्यापासून प्रत्येक बाईजवळ एक जण सतत राहील, असं वचनही होतं. जगाने त्यातला ठिबक उचलला. सोबतीचं वचन बऱ्याच ठिकाणी मागे राहिलं. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केलं की तासाला एक सेंटिमीटर हा वेग अनेक निरोगी बायकांच्या बाबतीत अवास्तव आहे आणि केवळ तेवढ्यावरून हस्तक्षेप करू नये. म्हणजे ज्या आकड्यापुढे पिढ्यान् पिढ्या बायका ‘मागे पडल्या’ असं वॉर्डात बोललं गेलं, तो आकडाच त्यांच्या मापाचा नव्हता. ‘पुढे सरकत नाहीये’ हे शब्द मी त्या रात्री तीन भाषांत ऐकले. माझं काही चुकतंय, असाच त्यांचा सूर होता.

दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे. तुम्ही सुरुवातीला सही केली होती ना? कळा आणायला ‘हो’ म्हणालात, म्हणजे त्यामागून येणाऱ्या सगळ्यालाच ‘हो’ म्हणालात. सोमवारच्या सकाळच्या ‘मी’ने मंगळवारच्या पहाटेच्या ‘मी’च्या वतीने एकदाच काय ते ठरवून टाकलं. ग्रीक कथेतला ओडिसियस असाच स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो. सायरनांचं गाणं ऐकून मी सोडा म्हणालो तरी सोडू नका, असं खलाशांना बजावतो. पण त्याने बांधायला आणि न सोडायला सांगितलं होतं, त्या दोन गोष्टी नेमक्या ठाऊक असताना. बांधलेल्या माणसाशी वाटेल ते करा, असं त्याने कुणाला सांगितलेलं नव्हतं. एकतीस तासांना एक होकार पुरवायचा, तर तो ताणून ताणून इतका पातळ होतो की शेवटी त्याच्या आरपार दिसतं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे फार नेमकेपणाने सांगितलेलं आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हा खटला बाळंतपणाचा नव्हे, पण प्रश्न तोच आहे. तपासणीसाठी भूल दिलेली असताना रुग्णाच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. जानेवारी २००८ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की एका गोष्टीला दिलेली संमती दुसरीला लागू होत नाही, जीव वाचवण्याची तातडी नसताना सज्ञान, सक्षम रुग्णाऐवजी नातेवाइकाची संमती चालत नाही, आणि उपचार रुग्णाच्या भल्याचा होता एवढ्यावरून संमतीशिवाय केलेली गोष्ट वैध ठरत नाही. त्याच निकालात डॉक्टरांनी चांगल्या हेतूने, रुग्णाच्या हितासाठी ते केलं, याचीही नोंद आहे. मला हा निकाल वाचताना दिलासा वाटतो तो त्यातल्या रकमेमुळे नव्हे. ती मामुलीच होती. हेतू चांगला आणि कृती चुकीची, या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहून ठेवता येतात, एकीने दुसरी खोडावी लागत नाही, हे तिथे दिसतं म्हणून.

मग गेलं ते काय, याकडे परत येते. मला ते मराठीच्या व्याकरणात सापडतं. आपण म्हणतो, ‘ती बाळंत झाली.’ या वाक्यात कर्ता तीच आहे. दुसरं कुणी नाही. ‘तिला कळा आल्या’ यात कळा आपणहून येतात, पाहुण्यासारख्या किंवा पुरासारख्या. आणणारा कुणी नसतो. दवाखान्यात वाक्यं बदलतात. कळा ‘सुरू केल्या’, ‘वाढवल्या’, डिलिव्हरी ‘केली’. कर्ता खोलीतला दुसरा माणूस झाला आणि बाई कर्म झाली. वैद्यकीय मदत घ्यायची तर काही क्रियापदं दुसऱ्याच्या हाती द्यावी लागणारच. मला त्याचं दुःख नाही. पण ती ‘देण्याची’ क्रिया माझी असायला हवी. ‘फोडू का?’ ‘फोडा.’ या दोन शब्दांच्या देवघेवीत पाणमोट तशीच फुटते, दुखतं तितकंच, पण मी वाक्याबाहेर फेकली जात नाही. विचारलं असतं तर मी जो होकार दिला असता, तो त्या रात्रीत मला करता येण्याजोग्या फार थोड्या गोष्टींपैकी एक होता. तो माझ्या वतीने परस्पर वापरला गेला. माझी वस्तू मी दिलीच असती, म्हणून ती न विचारता उचलणं म्हणजे घेणं होत नाही. ते उचलणंच राहतं.

मराठीत ‘कळ’ म्हणजे वेदना आणि ‘कळ’ म्हणजे यंत्राची खटकी. ‘कळणं’ म्हणजे समजणं आणि ‘कळवणं’ म्हणजे समजू देणं. या सगळ्यांचं मूळ एकच, असा माझा दावा नाही. उच्चार एक आहे इतकंच. ‘वेदना’ या शब्दाचं मात्र नातं पक्कं आहे. तो ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून येतो, आणि आपल्या व गुजरातीतल्या ‘वेण’चा पूर्वज तोच. बौद्ध परिभाषेत वेदना सुखदही असू शकते, दुःखद आणि तटस्थही. तिथे तिचा अर्थ आहे अनुभवाला येणं. वेदना ही जाणीव असेल, तर कळा देताना कळवायचं नाही, ही मला या भाषेच्या आतूनच चुकलेली गोष्ट वाटते.

ऑक्सिटोसिनचीही गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. ‘त्वरित प्रसूती’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव आलं. लंडनमध्ये हेन्री डेल यांना १९०६ मध्ये दिसलं की मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावतं. पुढे व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ साली तो रेणू प्रयोगशाळेत घडवला आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. हेच संप्रेरक दूधही उतरवतं, म्हणून आपल्याकडे ते गोठ्यांतही पोचलं. म्हशीने लवकर पान्हा सोडावा म्हणून होणाऱ्या या इंजेक्शनच्या गैरवापराचं कारण देऊन केंद्र सरकारने २०१८ साली देशातल्या वापरासाठी त्याचं उत्पादन खाजगी कंपन्यांकडून काढून एकाच सरकारी कंपनीकडे द्यायचं ठरवलं; बाळंतिणींना लागणाऱ्या जीवरक्षक औषधाचा तुटवडा होईल, ही हरकत घेतली गेली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. गोठ्यात आणि प्रसूतिगृहात औषध एकच, शरीराचं उत्तरही सारखंच. फरक आहे तो इतकाच, की इथे जिच्या शिरेत ते जातं, तिला विचारता येतं. हा फरक वापरलाच नाही, तर तो असून काय उपयोग?

तिसरा आक्षेप घरातून येतो आणि तो प्रेमाने येतो. ‘आम्ही नाही का कळा काढल्या?’ ‘बाळाचं तोंड पाहिलं की सगळं विसरायला होतं.’ माझ्या सासूबाईंची पाचही बाळंतपणं गावी, घरात झाली. माझं बोलणं त्यांना पहिल्यांदा नाजूकपणाचं वाटलं असणार. पण एकदा मेथीचे लाडू वळताना त्या बोलायला लागल्या, तेव्हा तिसऱ्या खेपेला सुईणीने न सांगता काय केलं, हे त्यांनी चव्वेचाळीस वर्षांनंतर तास-मिनिटांसह सांगितलं. विसरलं काहीच नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं. विसरायला होतं, हे वाक्यही बरेचदा ऐकणाऱ्याच्या सोयीचं असतं. आणि खरोखर विसर पडला, तरी तो आईवर झालेली कृपा आहे. इतरांना मिळालेली माफी नव्हे.

साहित्यातही हे तास बहुधा दाराबाहेरूनच मोजलेले दिसतात. लॉरेन्स स्टर्नच्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’त आई वरच्या मजल्यावर अडलेली असताना खाली वडील आणि काका पानंच्या पानं बोलत राहतात. टॉलस्टॉयच्या ‘ॲना कॅरेनिना’त किटीचं बाळंतपण विलक्षण ताकदीने येतं, पण भय, प्रार्थना, वेळेचं भान सुटणं, सगळं लेविनचं आहे. बाहेरच्या माणसाला शेवट हीच गोष्ट असते, कारण आतलं त्याला दिसतच नाही. बातमी येईपर्यंत त्याच्याकडे फक्त धास्ती असते. माझ्या मते ‘सुखरूप’ हे मुळात दाराबाहेरच्या माणसाचं वाक्य आहे. त्याच्या तोंडी ते पूर्ण खरं आहे. आतल्या बाईच्या तोंडी ते अर्धं आहे, आणि आपण तिलाही तेच बोलायला शिकवतो.

महाभारतात मात्र एक बाई आतून दिसते. आदिपर्वातली गांधारी दोन वर्षं गरोदर आहे. कुंतीला मुलगा झाल्याची बातमी येते, आणि धृतराष्ट्राच्या नकळत ती स्वतःच्या पोटावर आघात करून घेते. लोखंडाच्या गोळ्यासारखा घट्ट मांसाचा गोळा बाहेर येतो. व्यास तो तुकडे करून तुपाच्या कुंभांत ठेवायला सांगतात, त्यातून शंभर मुलगे आणि एक मुलगी होतात. कळा आणण्याची आपल्याकडची बहुधा सर्वांत जुनी गोष्ट हीच. ही कथा आपण पुढे कशी सांगतो ते पाहा: मत्सराने उतावीळ झाली, म्हणून असली मुलं झाली. दुर्योधनापासून मागे मागे जात दोष तिच्या त्या एका क्षणापर्यंत पोचवला जातो. दोन वर्षं ते ओझं पोटात वागवणाऱ्या बाईला त्या वेळी काय होत होतं, याची चौकशी नसते. म्हणजे शेवट वाईट झाला तर वाटेतला प्रत्येक क्षण आईच्या नावे मांडायचा, आणि शेवट चांगला झाला तर वाटेबद्दल बोलायचंच नाही. दोन्ही वेळा निकाल शेवटच देतो आणि दोन्ही वेळा आई गप्प.

बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल यांनी १९७६ मध्ये ‘नैतिक नशीब’ या कल्पनेची चर्चा सुरू केली: आपल्या हाती नसलेल्या परिणामांवरून आपल्या कृतीचं मोल ठरतं, हे तत्त्वतः खटकतं, पण आपण सगळे तसंच वागतो. त्या पहाटे माझ्या डॉक्टरांचंही नशीब चांगलं होतं, माझंही. मुलगी ठणठणीत जन्मली. पण नशिबाने दिलेल्या फळावर त्या दोन सेकंदांच्या मौनाचं देणं वळतं करता येत नाही. आनंदाचं खातं वेगळं आणि हे खातं वेगळं. माझ्या मुलीवरचं प्रेम सिद्ध करण्यासाठी मला दुसरं खातं जाळावं लागत असेल, तर तो नियम कुणी आणि कुणाच्या सोयीसाठी केला, हे विचारायला हवं.

हे सगळं अशक्य मागणं नाही, हे मला त्याच रात्री त्याच खोलीत समजलं. रात्रपाळीला एक वयस्क तेलुगू सिस्टर होत्या. पाच खाटा आणि त्या एकट्या. माझं तेलुगू तेव्हा भाजी घेण्यापुरतं. दर खेपेला तपासण्याआधी त्या खाटेजवळ येऊन म्हणायच्या, ‘चूस्तानम्मा.’ बघते हं, बाई. आणि थांबायच्या. मी मान हलवली की मगच हात लावायच्या. एकदा कळ चालू होती म्हणून मी हातानेच नको म्हटलं, तर त्या कळ जाईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या, मग पुन्हा तोच शब्द उच्चारला. तपासणी तीच होती आणि दुखणंही तितकंच. पण त्या एका शब्दात मला विचारणं होतं आणि माझ्यासाठी थांबणंही होतं. त्यातला ‘अम्मा’ मराठीत आणायचा प्रयत्न मी नंतर अनेकदा केला. ‘बाई’ म्हटलं तर दूर जातं, ‘बाळा’ म्हटलं तर मी लहान होते, ‘ताई’ म्हटलं तर नर्सिंग होमचा शिष्टाचार होतो. वयाने मोठी बाई लहान बाईला ‘आई’ म्हणते, आणि तेही ती आई होण्याच्या काही तास आधी. हे मला अजून जमलेलं नाही.

कामाचा ताण आहे म्हणून विचारता येत नाही, या म्हणण्याला त्या सिस्टर उत्तर आहेत. अर्थात अशी जबाबदारी एखाद्या व्यक्तीच्या स्वभावावर सोडून चालणार नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सरकारी प्रसूतिगृहांतल्या सन्मानपूर्वक वागणुकीचा आणि बाळंतिणीजवळ तिच्या पसंतीची सोबत असण्याचा समावेश आहे. कागदावर हे आलं, ही मोठी गोष्ट आहे. सोबत असणं म्हणजे दाराबाहेरच्या एका माणसाला आत आणणं. मग निदान एकाला तरी नुसता शेवट नाही, मधले तासही माहीत असतील.

आणि बाकीच्यांसाठी काम सोपं आहे. बाळंतिणीला भेटायला जाताना आपण अळिवाचे लाडू नेतो, दुपटी नेतो, वजन किती, नॉर्मल की सिझर, नाक कुणाचं, एवढं विचारतो. त्यात एक प्रश्न वाढवता येईल: ‘तुझं कसं कसं झालं?’ तो विचारून गप्प बसावं लागेल. तिला सांगायचं नसेल तर ती सांगणार नाही. बाळाच्या टाळूला तेल लावत राहील. सांगितलं, तर मध्येच ‘असू दे, दोघंही सुखरूप आहेत ना’ असं म्हणू नये. ते तिला ठाऊक आहे. ती त्याच्याबद्दल बोलत नसते.

माझी मुलगी हल्ली विचारते, मी किती वाजता झाले, तू रडलीस का, बाबा कुठे होता. मी तिला वेळ सांगते, आनंद सांगते, आजीचा बाकावर लागलेला डोळा सांगते. पहाटे पाचचंही सांगते, आणि ‘चूस्तानम्मा’ही. उद्या कुठल्याही डॉक्टरसमोर, कुठल्याही कारणाने ती बसली, तर तिला विचारलं जाण्याची सवय असावी आणि न विचारल्यास खटकावं, एवढ्यासाठी. तिने परवा विचारलं, ‘पण मी झाले ना नीट? मग?’ मी म्हटलं, ‘हो, झालीस ना. म्हणूनच तर सांगता येतंय.’